नवरदेवाचे पाय

कोळंबवाडीत सिदू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणायचे ते तोंडावर. मागे दुसरं म्हणायचे.

सिदूचं लग्न ठरलं. आधीची दोन ठिकाणं मुलाशी बोलून परत गेली होती. म्हणून या खेपेला थोरल्या भावाने, महादूने, सगळं बोलणं स्वतः केलं आणि सिदूला फक्त मान हलवायला सांगितलं. सुपारी फुटली. मग महादूच्या लक्षात आलं, की सीमांतपूजनाला सासरे दौलतराव जावयाचे पाय धुणार, तेही भरमांडवात. त्याने सिदूचे पाय पाहिले. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत लावणीचा चिखल अजून होता.

"दौलतराव मानी माणूस आहे," महादू म्हणाला. "असल्या पायांना हात लावायचा नाही. लग्न मोडेल. आणि हे मोडलं तर पुढे कुणी विचारणार नाही तुला."

सिदू घाबरला. मुलगी त्याला आवडली होती. चहा देताना तिने साखर हवी का म्हणून दोनदा विचारलं होतं. आजवर त्याला कुणी काही दोनदा विचारलं नव्हतं.

वहिनी चुलीपाशी होती. मागे वळून न बघता म्हणाली, "भाऊजी, आमसुलाचं तेल गरम करा. पायाला जिथे फट दिसेल तिथे भरा, वर मोजे घाला. पाय लोण्यासारखे होतील."

सिदूने पाय निरखून पाहिले. टाचेच्या फटी बारीक होत्या. बोटांमधल्या चांगल्या मोठ्या होत्या. त्याने तिथे तेल भरलं. मोजे घालून शेतात गेला, मोजे घालून अंघोळ केली. चार दिवसांत बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून सोलायला लागलं. कुत्रंसुद्धा जवळ येईना.

"अहो, या चिखल्या झाल्या," वहिनी नाकाला पदर लावून म्हणाली. "तिथे तेल भरतात का? पाय कोरडे ठेवायचे. पावडर टाकायची, वारा लागू द्यायचा."

"चुकलं वहिनी. आता तसंच करतो."

तसंच केलं. टाचांना पाण्याचा थेंब लागू दिला नाही. भेगांत पावडर ठासली आणि टाचा पंख्याकडे करून झोपला. टाचा तडकल्या. पाऊल टाकलं की रक्त.

ओट्यावर गुरुजी पेपर वाचत होते. त्यांना सगळ्यातलं कळायचं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "टाचा कोरड्या ठेवतोस होय रे गाढवा? पाय आधी कोमट पाण्यात भिजव. मग जे कडक लागेल ते दगडावर घास. मऊ लागेपर्यंत थांबू नकोस."

सिदूने पाय भिजवले. सगळीकडे हात फिरवला. सर्वांत कडक अंगठ्याचं नख लागलं. ते त्याने विहिरीच्या दगडावर घासलं. मऊ लागेपर्यंत थांबला नाही.

"अरे, नख घासतात का?" गुरुजी म्हणाले. "नख कापायचं. बाहेर आलेलं दिसलं की कापायचं. सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत."

"चुकलं गुरुजी. आता तसंच करतो."

चपलेच्या वादीने सिदूच्या करंगळीवर कुरूप आलं होतं. ते बाहेर आलेलं दिसत होतं. सिदूने कात्री घेतली आणि सरळ कापलं. कोपरे कोरले नाहीत.

पाय सुजून भोपळा झाला. लग्न उद्यावर आलेलं. महादूने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मोबाईलवर बोलत होते. टेबलाखाली काही त्यांनी पाहिलं नाही.

"सूज ना? कापाकापी बंद. गोळ्या घ्या. आणि बसाल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच. अर्धा तास खाली घ्यायचा नाही, मग कुणी काही म्हणो."

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर महादू म्हणाला. "आजवर सगळं उलटं केलंस. निदान हे तरी तंतोतंत कर."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. सिदू चौरंगावर बसला. समोर पाटावर गुलाबी फेटा बांधलेले दौलतराव, शेजारी तांब्या धरून सासूबाई. दौलतरावांनी आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. लेकीसाठी आज घातली.

सिदू बसला होता. बसल्यावर काय करायचं ते त्याला पाठ होतं. तो मागे रेलला आणि सुजलेला पाय त्याने सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला. छातीशी ताडून पाहिला. जरा कमी पडत होता. मग फेट्यावर ठेवला.

भटजींचा मंत्र थांबला. सनई थांबली. महादूने डोळे मिटून घेतले.

"पाय काढा," फेट्याखालून आवाज आला.

"नाही मामा, अर्धा तास आहे. तोवर दुसरा धुवून घ्या. तो बरा आहे."

"पाय काढा. हे लग्न मोडलं."

सिदूला फार वाईट वाटलं. मुलगी दारातून बघत होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, कुणी काही म्हणो. शिवाय म्हातारा माणूस, मान अवघडली असेल, म्हणून चिडला असेल.

"दमलात तुम्ही," तो समजुतीने म्हणाला. "उठा मामा. मामींना बसवा इथे."