नफ्याचा अर्ज

डोंगरगाव विद्यापीठात कुलगुरू टिपणीस आले आणि आल्याआल्या त्यांनी फर्मान काढलं: जो विभाग आपला खर्च आपण कमावणार नाही, त्याला टाळं. पहिली कुऱ्हाड भूगर्भशास्त्रावर पडणार होती. तिथे विद्यार्थी अवघे अकरा. ती मुलं गावोगाव हिंडून विहीर कुठे खणावी ते सांगत. पण त्यातून विद्यापीठाला दमडीही मिळत नसे.

विभागप्रमुख हेमलता बारटक्के यांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिवस विचार करून त्या एक अर्ज घेऊन परिषदेच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

"सर, वर्षभरात विभाग नफ्यात आणते. फक्त यावर सही करा."

कुलगुरूंची कळी खुलली. "शिका जरा बाईंकडून!" असं सगळ्यांना सुनावत ते अर्ज मोठ्याने वाचू लागले, "यंदापासून विभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दर परीक्षेत नापास करावे, आणि फेरपरीक्षेच्या शुल्कातून..."

ते ताडकन उभे राहिले. "बाई, हे विद्यापीठ आहे की दुकान?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचं फर्मान वाचल्यापासून मीही हेच विचारतेय."

यावर खुद्द कुलगुरूंनाच हसू फुटलं.

"विद्यापीठच आहे, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी फर्मानावर आडवी रेघ मारली.

बाईंच्या अर्जाची गोष्ट गावोगाव पसरली आणि त्या जूनमध्ये भूगर्भशास्त्राला प्रवेशासाठी सव्वीस अर्ज आले.