टिटवीचा माळ

माणसांनी डोंगरांना नावं देण्याच्याही आधीची गोष्ट. एक माळ होता सिंहाच्या मालकीचा, पण सिंह राहायचा दूरच्या जंगलात. माळावर नांदायची ती हरणं आणि एक टिटवी.

एकदा सिंहाचा सरदार गवा आला. म्हणाला, "महाराजांचा हुकूम आहे. पौर्णिमेपासून आमचा कळप इथे चरेल."

 टिटवीची अंडी उघड्या जमिनीवरच होती; कळपाच्या खुरांखाली ती चिरडली असती. ओढ्याकाठचं गवत कळपाला द्या, म्हणजे तो अंड्यांकडे येणार नाही, असं ती रोज ओरडत हरणांच्या मागे लागली. बरीच वादावादी झाली, पण शेवटी हरणांनी ओढ्याकाठचं आपलं गवत सोडायचं कबूल केलं.

मग टिटवी गव्याकडे गेली. "सरदार, माळ महाराजांचाच आहे. पण पिल्लं उडेपर्यंत कळपाला ओढ्याकाठी चरू द्या. आमचं सगळ्यांचं तसं ठरलंय."

 "बरं झालं ठरवलंत," गवा म्हणाला. "इथे कुणाचं घरटं कुठे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? महाराजांना मी सांगतो."

सिंहाचा होकार आला. पौर्णिमेला कळप धूळ उडवत आला आणि ओढ्याकडे वळला. टिटवी अंड्यांवर बसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच माळावर तिचं ओरडणं ऐकू आलं नाही.