कांतारची शेपटी

पालींना शेपटी सोडून देता येत नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

एका शाळेत वर्गाच्या भिंतीवर चंपी नावाची पाल राहायची. तिला आपल्या लांब शेपटीचा फार अभिमान आणि शाळेतल्या बोक्याची फार भीती. त्या वर्गात मस्कारेन्हस बाई स्पॅनिश शिकवायच्या. एकदा बाईंनी फळ्यावर ‘कांतार’ लिहिलं, म्हणजे गाणं म्हणणे. मग डस्टरने त्यातला ‘आर’ सरळ पुसून टाकला.

वर्ग सुटल्यावर चंपी लगबगीने खाली उतरली. “का रे डस्टरा, त्या बिचाऱ्याची शेपटी का तोडलीस? मेला असेल तो.”

“मरतोय कसला,” डस्टर म्हणाला. “मी गायलो की त्याला ‘ओ’ची शेपटी लागते, कांतो. तू गायलीस की कांतास, ती गायली की कांता, आपण सगळे गायलो की कांतामोस. कोण गातंय ते शेपटी सांगते. सुरुवातीच्या ‘कांत’ला मात्र मी हात लावत नाही. गाणं तिथे असतं.”

“आणि त्याने जुनी शेपटी सोडलीच नाही तर?”

“तर बसेल फळ्यावर. गाणार कुणीच नाही.”

तेवढ्यात बोक्याने झडप घातली आणि चंपीची शेपटी पंजाखाली सापडली. चंपीने एकदा फळ्याकडे पाहिलं आणि शेपटी सोडून दिली. बोका त्या वळवळत्या तुकड्याकडे बघतच राहिला.

छताला पोचल्यावर चंपीने मागे वळून पाहिलं. गेलेल्या शेपटीसाठी नव्हे, आता कुठली फुटते ते बघायला.