लाकडी कोकिळेची मान

फार पूर्वी एका भिंतीवरच्या घड्याळात लाकडी कोकिळा राहत असे. दर तासाला ती दारातून डोकावे, आतले दोन भाते फुंकर घालत आणि "कुहू" उमटे. लोक सगळा मान तिलाच देत.

"तुम्ही नुसती हवा. गळा माझा," ती एकदा भात्यांना म्हणाली.

"बरं बाई, मग तूच गा," म्हणत भाते मिटून बसले.

अकराला तिची चोच उघडली, पण आवाज फुटला नाही. घड्याळजी पक्कड घेऊन आले. "बाराला गप्प राहिली, तर उपटून काढतो."

काटा बाराकडे सरकला. "दादांनो, चुकलं माझं," ती पुटपुटली. आत काहीच हललं नाही. दार उघडलं. पक्कड पुढे आली. कोकिळेनं मान खाली घातली, आणि मागून "कुहू" उमटलं.

तेव्हापासून ती प्रत्येक कुहूला मान लववते. लोकांना वाटतं, आपल्यालाच नमस्कार करते.