ठकूबाईचा माळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, हे करंजखोऱ्यात कुणालाच बोटांवर मोजून सांगता येणार नाही. ओढ्याकाठचा वड तेव्हा बकरीला सावली देण्याएवढाही झाला नव्हता, असं म्हणतात.

त्या वेळी पिंपळोशी गावात ठकूबाई राहायची. उंचीनं बेताची, आवाजानं खणखणीत. नवरा रावजी, गरीब स्वभावाचा. दारात दोन बैल, एक म्हैस आणि परसात कोंबड्या. कोंबड्या काय, घरोघरी होत्या. पण दुसऱ्यांची कोंबडी पंधरा-वीस अंडी घालून खुडूक व्हायची आणि ठकूबाईची कोंबडी सूर्याशी पैज लावल्यासारखी घालतच राहायची. तिच्या एका तलंगेनं, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीनं, अवसेपासून अवसेपर्यंत एकही दिवस चुकवला नाही, असं म्हणतात.

लोकांना वाटायचं, बाईला मंतर येतो. मंतर कसला! तिला कोंबडी घ्यायची असली, की ती बाजारातल्या डालग्याकडे बघायचीसुद्धा नाही. खोऱ्यातल्याच कुणाच्या तरी घरी जायची. तिथं गेल्यावरही आधी कोंबडी बघायची नाही. सरळ परसात जाऊन खुराड्यात डोकं घालायची, वास घ्यायची, बसायच्या दांडीवरून बोट फिरवायची, फटींत पिसवा आहेत का ते बघायची. मग घरधनिणीला म्हणायची, "हिची आई दाखव."

आई धट्टीकट्टी दिसली, की मग लेकीला उचलायची. डोळा चमकतो का, तुरा लाल झालाय का, पायावरचे खवले गुळगुळीत आहेत का, सगळं बघायची आणि शेवटी शेपटाखालच्या दोन हाडांमध्ये बोटं धरायची. एकच बोट मावलं तर म्हणायची, "हिला वेळ हाय." दोन मावली तर म्हणायची, "येत्या आठ दिसांत अंड्यावर येतीया." तिनं सांगितलेला दिवस कधी टळला नाही, असं म्हणतात.

खुराडं तिनं रावजीकडून चार खांबांवर बांधून घेतलं होतं. तोंड उगवतीला, खांबांना बोरीच्या काट्या, मुंगसाला चढता येऊ नये म्हणून. आत भाताचा तूस. रोज सकाळी झाडायचं, अवसेला तूस बदलायचा, भिंतीवर चुन्याचा हात फिरवायचा, फटींत राख भरायची. शेजारी राखेचा खड्डाही होता, कोंबड्यांना लोळायला.

तिची धाकटी बहीण भागी ओढ्यापलीकडच्या उंबरवण्यात दिलेली होती. ती यायची आणि हसायची. "अक्का, येवढं तर तू देवघरबी झाडत न्हाईस गं!"

ठकूबाई म्हणायची, "देवाला पिसवा चावत न्हाईत, भागे."

एका वर्षी भात काढून झाल्यावर खोऱ्यात एक परका व्यापारी आला. गाडीभर कोंबड्या, पांढऱ्याधोप, गुबगुबीत. कुठल्या घरच्या, आई कशी, बाप कसा, त्याला काही सांगता येईना. उंबरवण्याचे लोक मात्र भुलले. भागीनंही सहा घेतल्या आणि आपल्या जुन्या कोंबड्यांतच सोडल्या. मग गाडी पिंपळोशीकडे वळली. गावचे गणोजी पाटील स्वतः बघायला निघाले, तर वाटेत ठकूबाई उभी.

"पाटील, गाडी ओढ्याच्या अल्याड येऊ देऊ नका."

"का गं? गाव माझं का तुझं?"

"तुमचंच. म्हणून तर तुमास्नी सांगती. एकवीस दिस ह्या कोंबड्या पल्याडच्या माळावर ऱ्हाऊ द्या. बाविसाव्या दिशी धड असल्या तर मी सोता डोक्यावरनं आणीन."

पाटील हसले. पण व्यापारी थांबायला तयार होईना. तीन आठवडे कशाला, तीन दिवससुद्धा नको म्हणाला. पाटलांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी गाडी परत फिरवली.

आठव्या दिवशी उंबरवण्यात मर लागली. कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या, पाय लुळे पडायचे. सकाळी आरवलेला कोंबडा दुपारी आडवा व्हायचा. एका गावातून दुसऱ्या गावात, असं करत रोग सगळ्या खोऱ्यात फिरला. फक्त पिंपळोशी वाचली.

आणि एका सकाळी ओढ्याच्या पलीकडे भागी दिसली. डोक्यावर डालगं, त्यात उरलेल्या नऊ कोंबड्या, डोळ्यांना धार.

"अक्का, येवढ्याच ऱ्हायल्यात. तुझ्या खुराड्यात ठेव. तुझ्या हाताखाली वाचतील."

गाव गोळा झालं. कुणी काठ्या आणल्या. पाटील म्हणाले, "ठके, तुझंच बोलणं हाय. बहीण असो न्हाईतर कुणी असो."

हो म्हणावं तर गावातली एकही कोंबडी वाचत नाही, नाही म्हणावं तर पाठची बहीण रडत माघारी जाते. ठकूबाई रावजीला म्हणाली, "अवो, खुराडं रोज झाडा. अवसेला तूस बदला. इसरू नका." आणि लुगड्याचा ओचा खोचून ती ओढ्यात उतरली.

पलीकडे जाऊन तिनं बहिणीच्या डोक्यावरचं डालगं उतरवलं. "चल माळावर. एकवीस दिस तूबी हितंच, मीबी हितंच. तोवर आपण दोघी कुणाच्या अंगणात जायाचं न्हाई."

माळावर त्यांनी कुडाची खोप घातली आणि कोंबड्यांना वेगळा आडोसा केला. रावजी रोज ओढ्यातल्या मधल्या खडकावर भाकरी ठेवायचा आणि माघारी वळायचा. आजारी कोंबडी दिसली की ठकूबाई तिला लगेच बाजूला काढायची. मेलेली खोल पुरायची, वर चुना टाकायची. पहिल्या आठवड्यात पाच गेल्या.

पाचवीला पुरताना भागी मटकन खाली बसली. "अक्का, बोल की मला कायतरी. शिव्या दे."

"शिव्या देऊन कोंबडी उठत असती, तर तुला सोडली असती का? ऊठ, खड्डा अजून हातभर घे."

त्या माळावर एकवीस दिवस घारीची सावली पडली नाही, असं म्हणतात. दरसाल त्या दिवसांत आटणारा ओढा त्या वर्षी घोट्याखाली उतरला नाही, कुणी चुकून ओलांडू नये म्हणून तोच राखण बसला होता, असंही म्हणतात.

दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन गेल्या. मग मरणं थांबलं. उरल्या दोघी, एक काळी, एक कवड्या रंगाची. बाविसाव्या दिवशी कवडीनं भागीच्या मांडीवर चढून अंडं घातलं. त्या दिवशी भागी पहिल्यांदा हसली. दोघींनी खोप जाळली, अंगावरची लुगडी राखेच्या पाण्यात उकळून काढली, ओढ्यात न्हाल्या. ठकूबाई डोक्यावर डालगं घेऊन अलीकडे आली, तेव्हा ते खाली उतरवायला पाटील स्वतः गुडघाभर पाण्यात आले होते.

पुढं सगळं खोरं पिंपळोशीकडे धावलं. आरवणारा कोंबडा आता तिथंच उरला होता. ठकूबाईनं कुणालाही नाही म्हटलं नाही. पण तलंग द्यायच्या आधी ती मागणाऱ्याच्या घरी जायची आणि त्याच्या खुराड्यात डोकं घालायची. एका इनामदाराकडून ती तीनदा तलंग न देताच परतली. चौथ्या खेपेला गेली, तर इनामदार पागोटं काढून स्वतः खुराडं खरवडत होते. "आता न्या," म्हणाली.

उंबरवण्यात भागीचं परस पुन्हा भरलं. तिचं खुराडं बहिणीच्याहून झाक निघालं, हे ठकूबाईनंच चारचौघांत सांगितलं. करंजखोऱ्यातल्या चाळीस गावांतली झाडून सगळी कोंबडी ठकूबाईच्या परसातून निघाली, असं म्हणतात.

ठकूबाई कधी गेली, ते कुणी नीट सांगत नाही. त्या दिवशी गावातल्या कोंबड्या दुपारपर्यंत खुराड्याबाहेर आल्या नाहीत, एवढंच सांगतात.

ओढ्यापलीकडच्या त्या जागेला आजही ठकूबाईचा माळ म्हणतात. पिंपळोशीत कुणी नवी कोंबडी आणली, मग ती सख्ख्या मामाकडची का असेना, ती आधी एकवीस दिवस त्या माळावर राहते. तिला दाणापाणी करायला घरधनीण एकटी जात नाही, तिच्याबरोबर तिची बहीण जाते. भांडण असलं, वर्षानुवर्षं बोलणं बंद असलं, तरी या कामाला बोलावणं धाडायचं आणि बोलावणं आलं की यायचं, असा रिवाज आहे. जिला बहीण नाही, तिच्याबरोबर पाटलांच्या घरातली एक बाई जाते. बाविसाव्या दिवशी दोघी मिळून डालगं घेऊन ओढा उतरतात, तेव्हा त्या सख्ख्या झालेल्या असतात, असं म्हणतात.