थोरल्या तारकेच्या चुलीवरचं लोखंड

एका राज्यात लोखंड औषधालाही उरलं नव्हतं. कपालनेत्र मांत्रिकाला दरबारात मानाचं पान मिळालं नाही, एवढंच निमित्त. मेल्यानं शाप दिला आणि नांगरांचे फाळ, दारांच्या कड्या, सगळ्याचा धूर झाला. माणसांच्या रक्तातलंही लोखंड गेलं. थोरांनी कसाबसा तग धरला, पण धाकटा राजपुत्र जयमल्ल कणकेच्या गोळ्यासारखा पांढरा पडला. राणी चारुमतीच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा एक टिटवी म्हणाली, “राणीसाहेब, लोखंड शिजतं थोरल्या तारकेच्या चुलीवर. बसा पाठीवर.” टिटवी केवढी, राणी केवढी! पण बसली खरी.

तारका ही आकाशात एकटीच राहणारी म्हातारी, तोंडाची भलती फटकळ. “लोखंड हवंय? मग तीन कामं कर. आधी हा हायड्रोजन, सगळ्यांत हलका वायू, चुलीत घाल आणि दाब.”

राणीनं दाबला. आग भडकली, मागे हेलियमची राख उरली. राणीच्या राज्यात राख काढल्याशिवाय चूल पेटवत नसत. तिनं सवयीनं राख ओढून बाहेर टाकली. झालं! चूल विझली.

“अगं बये!” तारका कडाडली. “इथली राख हेच पुढचं सरपण!”

राणी ओशाळली. पुन्हा पहिल्यापासून हायड्रोजन दाबला. मग दुसरं काम, हेलियमची राख दाबायची. आच वाढली, कोळसा झाला, श्वासाचा प्राणवायू झाला. तिसरं काम, तेही दाबायचं. राणीचे हात भाजले, पण ती हटली नाही. शेवटी तळाशी लोखंड जमलं आणि आग बसली.

“लोखंड जाळून ऊब मिळत नाही,” तारका म्हणाली. “आगीनंच मला सावरून धरलं होतं. आता मी आत कोसळणार आणि फुटणार.”

राणीला हुंदका आवरेना. “आई, माझ्या लेकरापायी तुमचा जीव? नको मला लोखंड!”

“वेडी का खुळी तू? शिजवलं ते वाढायला नको? पळ!”

टिटवीनं राणीला दूर नेलं. तारका फुटली. त्या दणक्यात लोखंडाहून जड धातूही घडले. लोखंडाची धूळ राज्यावर बरसली, शाप तुटला, फाळ आणि कड्या जागच्या जागी आल्या. कपालनेत्रानं धूम ठोकली.

पुढे एके सकाळी जयमल्ल अंगणात धावताना पडला, गुडघा फोडून रडत आला. राणीनं पाहिलं, रक्त लालभडक! ती रडली, हसली, त्याचे मुके घेत सुटली.

“आईसाहेब,” जयमल्ल फुरंगटून म्हणाला, “आम्हांला लागलंय!”