साहेबांचं वजन

आमच्या पठारावरची एक पवनचक्की माझ्यासारखीच म्हातारी झाली. कंपनीनं तिची पाती उतरवून गायरानात टाकली आन् म्हनली, "भंगार हाय, तुमीच वापरा." आमी एक लांबडं पातं ओढ्यावर आडवं घातलं, दोन्हीकडं दगडात पक्कं बसवलं, हळदीकुकू वाहिलं. पावसाळ्यात पोरींची शाळा बुडायची, ते थांबलं.

मग कंपनीचे नवे कारखानीस साहेब आले. पल्याडनंच वरडले, "आजी, हा पूल आजच काढा! जुनं पातं माणसाचं वजन पेलत नाही!"

मी कानाला हात लावला. "ऐकू येत न्हाई, बाबा. जवळ या की!"

साहेब पात्यावरनं तरातरा आले, मागनं त्यांचा ढेरपोट्या डायवर. कानाशी येऊन वरडले, "वजन पेलत नाही!"

"आसं व्हय?" मी सुनंला हाक मारली, "यसू, ट्रॅक्टर आन गं, आत्ताच काढू!"

"थांबा! माझी गाडी पलीकडं आहे!"

"मग ओढ्यातनं जावा. गळ्याएवढंच पानी हाय."

साहेबांनी पान्याकडं बघितलं आन् गुमान पात्यावरनं गेले. ते पल्याड पोचल्यावर मी इचारलं, "काय साहेब, पेललं का?"

ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "पेललं."

या खेपेला मला लख्ख ऐकू आलं.